भिंतीला भिंत लागून

२३ मे २०२४ रोजी दुपारी डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीत एका रासायनिक कारखान्यातील रिॲक्टरचा स्फोट झाला. दहाहून अधिक माणसे गेली. आठ वर्षांपूर्वी, जवळजवळ त्याच तारखेला, म्हणजे २६ मे २०१६ रोजी, याच वसाहतीत असाच स्फोट होऊन बारा माणसे गेली होती. पुढचे काही आठवडे सकाळच्या लोकलमध्ये दुसरा विषय नव्हता. आमच्या डब्यातला सूर साधारण असा : ही केमिकलवाली मंडळी हलवा इथून, आणि त्या जागी आयटी पार्क आणा, ठाण्याला झाले, ऐरोलीला झाले, आपल्याकडेच का नाही? धोकादायक कारखाने हलविण्याची घोषणा शासनानेही केली.

या मागणीचा पूर्वार्ध डोंबिवलीकर म्हणून मला पूर्ण समजतो. उत्तरार्ध मात्र तपासून पाहण्यासारखा आहे. उच्च तंत्रज्ञानाचे उद्योग एका ठिकाणी गोळा केले की त्या भागात नवनवीन कल्पना, नवी उत्पादने, नवे उद्योजक आपोआप उगवू लागतात, असे त्यात गृहीत धरलेले आहे. हे गृहीतक शासनाच्या धोरणांत असते, वर्तमानपत्रांच्या अग्रलेखांत असते, आणि दहावीच्या मुलांच्या निबंधांतही असते. त्याला आधार म्हणून ज्या पुस्तकाकडे अनेकदा बोट दाखवले जाते ते १९९४ साली हार्वर्ड विद्यापीठाने प्रकाशित केले. ॲनाली सॅक्सेनियन या लेखिकेचे 'रीजनल ॲडव्हांटेज' हे ते पुस्तक. स्फोटानंतर मी ते पुन्हा काढून वाचले. तीस वर्षांनंतरही ते वाचनीय आहे. पण ते जे सांगते ते आपल्याकडे समजले जाते त्याहून बरेच वेगळे आहे. शिवाय ते जे सांगत नाही, तेही डोंबिवलीत बसून वाचताना ठळकपणे दिसते.

उद्योग एकमेकांजवळ का गोळा होतात, हा प्रश्न जुना आहे. आल्फ्रेड मार्शल या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने १८९० च्या आपल्या ग्रंथात त्याची चर्चा केली होती. एका गावात एकाच धंद्याची माणसे पिढ्यान्‌पिढ्या राहिली की कुशल कामगार सहज मिळतात, सुटे भाग पुरवणारे आसपास उभे राहतात, आणि धंद्यातील बारकावे कोणी मुद्दाम न शिकवताही पोरासोरांपर्यंत पोहोचतात, असे त्याचे म्हणणे. आपल्याकडचे येवल्याचे पैठणी विणकर किंवा इचलकरंजीचे यंत्रमाग पाहिले तर हे पटते. अशा जुळलेल्या उद्योगांना आपण 'पुंजका' म्हणू. 'वसाहत' हा शब्द मुद्दामच टाळतो, त्याचे कारण पुढे येईल.

सॅक्सेनियनबाईंनी अमेरिकेतील असे दोन पुंजके घेतले. एक कॅलिफोर्नियातील सिलिकॉन व्हॅली, दुसरा बॉस्टन शहराला वळसा घालणाऱ्या 'रूट १२८' या रस्त्याकाठचा. दोन्हीकडे इलेक्ट्रॉनिक्सचा उद्योग. दोन्हींच्या उशाशी नामवंत विद्यापीठ, एकीकडे स्टॅनफर्ड, दुसरीकडे एमआयटी. दोन्हीकडे दुसऱ्या महायुद्धानंतर संरक्षण खात्याचा पैसा पाण्यासारखा आला. १९८० नंतर दोघांवरही संकट आले : जपानी कंपन्यांनी व्हॅलीची मेमरी चिपची बाजारपेठ काबीज केली आणि छोट्या वैयक्तिक संगणकांनी बॉस्टनच्या मिनी-संगणकांना निरुपयोगी ठरवले. व्हॅली त्यातून सावरली. रूट १२८ ला ते जमले नाही. साधनसामग्री सारखी असताना असे का व्हावे?

प्रयोगशाळेत आपण करतो तसाच हा प्रयोग आहे, बाकी सर्व घटक शक्य तितके सारखे ठेवून एकच बदलणारा घटक शोधणे. लेखिकेला सापडलेला घटक म्हणजे कारखान्यांमधली भिंत. बॉस्टनकडे प्रत्येक कंपनी म्हणजे एक किल्ला होता. सर्व भाग स्वतः बनवायचे, माहिती बाहेर जाऊ द्यायची नाही, माणूस एकदा चिकटला की निवृत्तीपर्यंत तिथेच. व्हॅलीत मात्र माणसे दर दोन-तीन वर्षांनी नोकरी बदलत, जुन्या सहकाऱ्यांशी मैत्री ठेवत, आणि एखादी प्रक्रिया अडली तर प्रतिस्पर्धी कंपनीतल्या मित्राला फोन करून विचारत. शॉक्ली यांच्या प्रयोगशाळेतून १९५७ मध्ये आठ जण बाहेर पडले आणि त्यांनी फेअरचाइल्ड ही कंपनी काढली. फेअरचाइल्डमधून पुढे नॉईस आणि मूर बाहेर पडले आणि १९६८ मध्ये इंटेल निघाली. माणूस हलला की त्याच्या डोक्यातले ज्ञान हलते. ते ज्ञान बहुतेक वेळा कागदावर नसते, भट्टीचे तापमान किती वेगाने वाढवायचे अशा स्वरूपाचे हाताचे ज्ञान असते.

पुस्तकाचे बळ येथे आहे. इमारती, रस्ते, विद्यापीठे, पैसा हे सर्व दोन्हीकडे होते. फरक पडला तो माणसांच्या हालचालीने. म्हणजे जवळ असणे ही अट झाली, कारण नव्हे. लेखिकेच्या प्रामाणिकपणाचाही उल्लेख केला पाहिजे. घरांच्या किमती आणि गर्दी यांमुळे सिलिकॉन व्हॅलीची वाढ थांबेल, असा निष्कर्ष तिने विद्यार्थिदशेतील प्रबंधात काढला होता. तो सपशेल चुकला, आणि आपण का चुकलो याचा शोध घेताना हे पुस्तक झाले, हे तिने स्वतःच सांगितले आहे. आपल्याकडे प्रबंधाचा निष्कर्ष चुकल्याचे कोणी सांगितल्याचे मला आठवत नाही. असो.

आता ही मोजपट्टी आपल्याकडे लावून पाहू.

महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाचा आरंभ १ ऑगस्ट १९६२ रोजी ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये झाला. त्याच दशकात डोंबिवलीची वसाहत आणि ठाणे-बेलापूर रस्त्याचा पट्टा आकाराला आला. जमीन, पाणी, वीज, रस्ता हे महामंडळाने द्यायचे आणि भूखंडावर कारखानदाराने कारखाना उभारायचा, अशी ही पद्धत. मुंबईतील गर्दी कमी करणे आणि रोजगार निर्माण करणे हे तिचे उद्दिष्ट होते, आणि ते बऱ्याच अंशी साध्य झाले. पण वसाहत म्हणजे पुंजका नव्हे. भिंतीला भिंत लागून वीस कारखाने असले तरी त्यांच्यात ज्ञानाची देवाणघेवाण असेलच असे नाही. आणि ती नसण्याला नुसता स्वभाव जबाबदार नव्हता. त्याची एक नोंद आपल्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालपत्रात सापडते, आणि प्रकरण नेमके कल्याणचे आहे.

कल्याणजवळ शहाडला सेंचुरी रेयॉनचा कारखाना आहे. या कंपनीने १९६१ साली एका डच आणि एका जर्मन कंपनीशी करार करून टायर कॉर्ड बनविण्याचे तंत्र विकत घेतले. टायर कॉर्ड म्हणजे टायरच्या रबरात बसवायचा चिवट धागा. करारात अट होती की हे तंत्र गुप्त ठेवावे आणि कर्मचाऱ्यांकडूनही तसे लिहून घ्यावे. मार्च १९६३ मध्ये कंपनीने एका तरुणाला शिफ्ट सुपरवायझर म्हणून पाच वर्षांच्या कराराने घेतले व प्रशिक्षण दिले. ऑक्टोबर १९६४ च्या अखेरीस त्याने नोकरी सोडली आणि तो अधिक पगारावर राजस्थानात कोट्याच्या रेयॉन कारखान्यात रुजू झाला. कंपनी न्यायालयात गेली. जानेवारी १९६७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कंपनीच्या बाजूने निर्णय दिला : कराराची मुदत संपेपर्यंत त्याला ते काम दुसरीकडे करता येणार नाही. कायद्याचे विद्यार्थी हा निकाल आजही अभ्यासतात.

हा तरुण कॅलिफोर्नियात असता तर सॅक्सेनियनबाईंच्या पुस्तकात त्याला मानाचे पान मिळाले असते. आपल्याकडे त्याच्यावर मनाई हुकूम आला. यात न्यायालयाचे काही चुकले असे मला सुचवायचे नाही. करार केला होता आणि तो मोडला होता. मुद्दा वेगळा आहे. तंत्रच जर परदेशातून गुप्ततेच्या अटीवर आले असेल, तर ते वरून खाली येते आणि तिथेच थांबते. शहाडच्या पुढच्याच स्टेशनला, आंबिवलीला, एनआरसीचा रेयॉनचाच कारखाना होता. दोन कारखान्यांमध्ये अंतर एका स्टेशनाचे. पण दोघांमध्ये ज्ञानाचा रस्ता तयार व्हावा अशी परवाना आणि परदेशी सहकार्य यांवर चालणाऱ्या त्या काळाची रचनाच नव्हती. एनआरसी २००९ पासून बंद पडली.

पुस्तकावरचा माझा पहिला आक्षेप इथून सुरू होतो. उपशीर्षकातच 'कल्चर' हा शब्द आहे, आणि व्हॅलीतल्या मोकळेपणाचे श्रेय लेखिका तिथल्या संस्कृतीला देते. पण कॅलिफोर्नियात १८७२ पासून असा कायदा आहे की, नोकरी सोडल्यावर प्रतिस्पर्ध्याकडे जाऊ नये, असे माणसावर घातलेले बंधन न्यायालय मानत नाही. मॅसॅच्युसेट्समध्ये अशी बंधने चालत. मोकळेपणामागे मोकळ्या स्वभावाइतकाच हा कायदा होता, याकडे १९९९ मध्ये रोनाल्ड गिल्सन या कायद्याच्या प्राध्यापकाने लक्ष वेधले. स्वभावाची गोष्ट म्हणाल, तर व्हॅलीतल्या बड्या कंपन्यांनी एकमेकांची माणसे पळवायची नाहीत असा आपसांत गुपचूप समझोता केला होता. २०१० मध्ये अमेरिकेच्या न्याय खात्याने त्यांच्यावर कारवाई केली. त्यात ॲपल, गूगल आणि इंटेल होत्या. कर्मचाऱ्यांच्या दाव्यात यांपैकी चार कंपन्यांना २०१५ मध्ये ४१ कोटी ५० लाख डॉलरची तडजोड करावी लागली. संस्कृती एवढी उदार असती तर हे घडले नसते.

गंमत म्हणजे आपला कराराचा कायदाही १८७२ चाच आहे, आणि त्याचे २७ वे कलम कॅलिफोर्नियाच्या कायद्याचे सख्खे भावंड म्हणावे असे आहे. दोघांचे मूळ न्यूयॉर्क राज्यासाठी तयार झालेल्या एकाच मसुद्यात आहे. नोकरी संपल्यानंतरचे बंधन आपल्याकडेही सामान्यतः टिकत नाही. कल्याणच्या प्रकरणात पाच वर्षांची मुदत चालू होती म्हणून निकाल तसा लागला. तेव्हा कायदा हेच एकमेव उत्तर असेही म्हणता येत नाही. त्या काळी सोडण्यासारखी नोकरी मिळणेच दुर्मिळ होते, आणि जामीन ठेवायला घर नसलेल्या पदवीधराला कारखाना काढण्यासाठी कर्ज कोण देणार?

तरीही काहींनी कारखाने काढले, आणि इथे डोंबिवलीची दुसरी, कमी सांगितली जाणारी बाजू येते.

रंग, रंगांसाठी लागणारी मध्यवर्ती रसायने, औषधांचे घटक असा डोंबिवलीचा रासायनिक व्यवसाय. यातले बरेचसे काम घाणीघाणीने चालते, म्हणजे एका पात्रात माल भरायचा, अभिक्रिया पूर्ण करायची, रिकामे करायचे, पुन्हा भरायचे. त्यामुळे लहान भांडवलातही सुरुवात करता येते आणि एकाच पात्रात आज एक, उद्या दुसरा पदार्थ बनविता येतो. त्यातच १९७० चा पेटंट कायदा आला आणि १९७२ पासून अमलात आला. औषधे, कीटकनाशके, तणनाशके यांच्या बाबतीत पदार्थावर पेटंट मिळणार नाही, फक्त तो बनविण्याच्या प्रक्रियेवर मिळेल, असे त्याने ठरविले. ज्याला वेगळ्या वाटेने त्याच पदार्थापर्यंत पोहोचता येईल, त्याला दार उघडे झाले. रसायनशास्त्रज्ञाला याहून चांगले आमंत्रण कोणते?

वेगळी वाट शोधणारी माणसे कुठून आली? मोठ्या प्रमाणात माटुंग्याहून. मुंबई विद्यापीठाने १९३३ साली सुरू केलेला रासायनिक तंत्रज्ञान विभाग, सर्वांच्या तोंडी असलेला यूडीसीटी, २००८ पासून इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजी हे स्वतंत्र विद्यापीठ आहे. केकी घरडा तिथलेच. त्यांच्या घरडा केमिकल्सचा एक कारखाना डोंबिवलीत. गव्हात माजणाऱ्या 'गुल्लीदंडा' या तणावरचे आयसोप्रोटुरॉन हे तणनाशक परदेशी कंपन्या महाग विकत होत्या. घरडांनी ते स्वतःच्या प्रक्रियेने बनविले, आणि किंमत इतकी उतरली की पंजाब-हरियाणाच्या सामान्य शेतकऱ्याला ते परवडू लागले. (पुढे १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला या तणात त्याला प्रतिकारशक्ती आली. एकच औषध वर्षानुवर्षे मारले की असे होणारच. जीवशास्त्राच्या शिक्षकांना नैसर्गिक निवडीचे हे उदाहरण वर्गात वापरता येईल.) घरडांना २०१६ मध्ये पद्मश्री मिळाली, २०२४ मध्ये ते गेले.

ही नवनिर्मिती आहे आणि अस्सल आहे. चकचकीत काचेच्या इमारतीत झालेली नाही म्हणून ती मोजायची नाही असे करू नये. पण सॅक्सेनियनची मोजपट्टी लावली तर एक गोष्ट लक्षात येते. ज्ञान आले ते माटुंग्याहून डोंबिवलीला, मध्य रेल्वेच्या मार्गाने. डोंबिवलीच्या एका कारखान्यातून शेजारच्या कारखान्यात ते फारसे गेले नाही. प्रत्येकाची दोरी माटुंग्याला बांधलेली. आपसांत गाठ नाही. प्रक्रियेवरच पेटंट आणि प्रक्रियेवरच नफा, मग प्रक्रिया शेजाऱ्याला कोण सांगेल?

काही वर्षांपूर्वी एका छोट्या कारखानदाराने मला बोलावले होते. त्याच्या पात्रातले तापमान एकदा अचानक चढले होते. बर्फ ओतून त्यांनी ते कसेबसे आवरले, पण मनातली भीती गेली नव्हती. कागद पाहून मी विचारले, "ही अभिक्रिया करणारे या वसाहतीत दुसरे कोणी आहे का?" तो म्हणाला, "असणार की. पलीकडच्या गल्लीतच एक जण दहा वर्षं करतोय, असं ऐकून आहे." मग त्यालाच विचारा ना, असे मी म्हटले. त्यावर तो हसला. "डॉक्टर, विचारलं तर मी काय बनवतो ते त्याला कळेल ना!"

यात काय पणाला लागलेले होते ते शाळेतल्या गणिताने दाखविता येते. दहा सेंटिमीटर बाजूचा घन घ्या. त्यात एक लिटर द्रव मावतो. त्याचा पृष्ठभाग ६०० चौरस सेंटिमीटर, घनफळ १००० घन सेंटिमीटर. म्हणजे दर घन सेंटिमीटर द्रवाच्या वाट्याला ०.६ चौरस सेंटिमीटर पृष्ठभाग आला. आता एक मीटर बाजूचा घन घ्या. द्रव १००० लिटर. पृष्ठभाग ६०,००० चौरस सेंटिमीटर, घनफळ दहा लाख घन सेंटिमीटर. वाट्याला आले ०.०६. उष्णता निर्माण होते ती सगळ्या द्रवात, बाहेर पडते ती पृष्ठभागातून. प्रयोगशाळेतल्या चंबूत जी अभिक्रिया मुकाट्याने थंड होते, तिला कारखान्याच्या पात्रात थंड व्हायला दहापट कमी जागा मिळते. त्यात भर अशी की तापमान दहा अंशांनी वाढले की अभिक्रियेचा वेग ढोबळमानाने दुप्पट होतो, पण बाहेर जाणारी उष्णता फक्त तापमानातल्या फरकाच्या प्रमाणात वाढते. एका मर्यादेनंतर पहिली दुसरीला मागे टाकते, आणि मग ती अभिक्रिया माणसाच्या हातात राहत नाही. ती मर्यादा कुठे आहे, कोणत्या क्षणी घालणे थांबवावे, ढवळणारे पाते बंद पडले तर किती मिनिटे हातात असतात, हे पुस्तकात नसते. ज्याचे पात्र एकदा चढले आहे त्याला ते ठाऊक असते. नेमके हेच ज्ञान भिंतीपलीकडे गेले पाहिजे, आणि नेमके हेच जात नाही.

कायदा इथेही आहे. भोपाळनंतर १९८७ मध्ये कारखाने कायद्यात दुरुस्ती झाली आणि धोक्याची माहिती कामगारांना, स्थानिक संस्थेला आणि आसपासच्या लोकांना देणे बंधनकारक झाले. १९८९ मध्ये घातक रसायनांचे नियम आले. पण त्या कारखानदाराशी बोलताना मला जाणवले की गुप्ततेचा नियम त्याच्या अंगवळणी पडलेला आहे. माहिती देण्याचा नियम फायलीत आहे.

डोंबिवलीतले कारखाने एक गोष्ट मात्र खरोखर वाटून घेतात : सांडपाणी. सामायिक प्रक्रिया केंद्र ही या वसाहतीतली सर्वात मोठी सामुदायिक संस्था आहे. कल्पना चांगली आहे, कारण प्रत्येक लहान कारखान्याला स्वतःचे पूर्ण यंत्र परवडत नाही. पण केंद्रात येणारे पाणी कोणत्या प्रक्रियेचे आणि त्यात आज काय आहे हे गुपित राहिले तर ते शुद्ध कसे करणार? जिवाणूंवर चालणारे केंद्र एका अनपेक्षित विषारी लोटाने मरते. उल्हास आणि वालधुनी नद्यांच्या प्रदूषणाचे प्रकरण राष्ट्रीय हरित लवादापुढे गेले आणि २०१५ साली लवादाने मोठी रक्कम भरण्याचा आदेश दिला. २०१४ च्या जानेवारीत डोंबिवलीत हिरवा पाऊस पडल्याचे आणि २०२० च्या फेब्रुवारीत रस्ता गुलाबी झाल्याचे वाचकांना आठवत असेल. कोणाचे गुपित काय ते आम्हाला असे रंगावरून कळते.

माझा दुसरा, अधिक गंभीर आक्षेप हा की सॅक्सेनियनच्या पुस्तकात या बाजूला जागा नाही. सिलिकॉन व्हॅली स्वच्छ उद्योगांची म्हणून मिरवत असताना १९८१-८२ च्या सुमारास सान होजे येथे फेअरचाइल्डच्या जमिनीखालच्या टाकीतून द्रावक गळून पिण्याच्या पाण्याच्या विहिरीत उतरल्याचे उघडकीस आले. पुढे सांता क्लारा काउंटीत अशी २३ ठिकाणे 'सुपरफंड' या केंद्रीय यादीत गेली. अमेरिकेतल्या कोणत्याही एका काउंटीतील ही सर्वाधिक संख्या. पुस्तकात कौतुकाने येणाऱ्या ह्यूलेट-पॅकार्ड आणि इंटेल यांच्याही जागा त्या यादीत आहेत. म्हणजे ज्या गावात चिप कशी बनवावी याचे ज्ञान जेवणाच्या टेबलावर फिरत होते, त्याच गावात जमिनीखाली काय गळते आहे याचे ज्ञान फिरत नव्हते. पुंजक्यात ज्ञान वाहते, हे विधान अपुरे आहे. नफ्याचे ज्ञान वाहिले, धोक्याचे नाही. लेखिकेच्या मुलाखती अभियंत्यांच्या आणि व्यवस्थापकांच्या आहेत. विहिरीचे पाणी पिणाऱ्यांना तिने काही विचारलेले नाही.

आणि हे दुखणे फक्त 'केमिकलवाल्यां'चे नाही, हेही यावरून दिसते.

राहिला आयटी पार्कचा प्रश्न. ठाण्यात आणि ठाणे-बेलापूर पट्ट्यात जुने कारखाने बंद पडत गेले, तशी काही जागा निवासी संकुलांनी घेतली, काही संगणक कंपन्यांनी. राज्याच्या माहिती तंत्रज्ञान धोरणाने अशा इमारतींना जादा चटई क्षेत्र दिले आणि इमारती उभ्या राहिल्या. रोजगार आला, चांगला आला. माझे निम्मे सहप्रवासी त्यावर घर चालवतात. पण पुस्तकाचीच मोजपट्टी लावा. ऐरोलीच्या एका आवारातून बाहेर पडलेले किती जण शेजारी नवी कंपनी काढतात? आपल्याकडचे प्रसिद्ध उदाहरण आहे ते पटनी कंपनीचे. तिथून बाहेर पडलेल्या सात जणांनी १९८१ मध्ये पुण्यात इन्फोसिस काढली, आणि दोनच वर्षांत ती बंगलोरला गेली. ऐरोलीला नॉलेज पार्क उभारणारी खुद्द पटनी २०११ मध्ये आयगेटकडे आणि २०१५ मध्ये कॅपजेमिनीकडे गेली. बहुतेक काम दूरच्या ग्राहकासाठी, गुप्ततेच्या करारावर. ज्ञान वर जाते आणि खाली येते; आडवे जात नाही. १९६१ च्या टायर कॉर्डच्या कराराची आठवण व्हावी असेच हे आहे, फक्त धाग्याच्या जागी सॉफ्टवेअर आले. रबाळे-महापे भागात आता माहिती साठविणारी प्रचंड केंद्रे उभी राहात आहेत. त्यांना वीज आणि थंडावा भरपूर लागतो, माणसे थोडी लागतात. आणि माणसेच नसतील तर कोण कोणाला काय विचारणार?

एका बाबतीत काळाने पुस्तकाला थोडे खोटे पाडले आहे, आणि ते मला आशादायक वाटते. बॉस्टनचा पट्टा मागे पडला तो इलेक्ट्रॉनिक्समध्ये. पुढच्या वीस वर्षांत त्याच शहरालगत, एमआयटीच्या दारात, केंडल स्क्वेअरला जैवतंत्रज्ञानाचा जगातला अग्रगण्य पुंजका उभा राहिला. कोविडची लस काढणारी मॉडर्ना तिथलीच. ज्या भागाची संस्कृती बंदिस्त म्हणून नोंदवली गेली, तिथेच हे झाले. तेव्हा संस्कृती म्हणजे कपाळावरची रेघ नव्हे.

शिक्षकांनी हे पुस्तक मिळाल्यास त्याचे दुसरे आणि तिसरे प्रकरण शेजारी ठेवून वाचावे. एका व्हॅलीचे आणि एका रूट १२८ चे. बाकीच्या भागात कंपन्यांच्या नावांची गर्दी आहे, ती वगळली तरी चालेल. अकरावी-बारावीच्या मुलांना सोबत एक काम देता येईल. सर्वोच्च न्यायालयाच्या २००३ च्या एका आदेशानुसार घातक रसायने हाताळणाऱ्या कारखान्याने कोणती रसायने, किती सांडपाणी, किती घनकचरा याचा फलक फाटकाबाहेर लावायचा असतो. गेल्या हिवाळ्यात आमच्या भागातल्या बारा मुलांना घेऊन मी वसाहतीतल्या एका गल्लीत हे फलक उतरवून घ्यायला गेलो. काही पुसट झाले होते, एकावर झाडाची फांदी आली होती, एका पहारेकऱ्याने वही बंद करायला सांगितली. तरी दोन तासांत सात फलक उतरले. घरी येऊन मुलांनी ते एका मोठ्या कागदावर मांडले, तेव्हा एकाच रसायनाचे नाव तीन फाटकांवर असल्याचे एका मुलीच्या लक्षात आले. तिने विचारले, "सर, हे तिघं एकमेकांशी बोलतात का?" मी तिला त्या कारखानदाराची गोष्ट सांगितली. त्याच्या पात्राचे तापमान आता दोन ठिकाणी मोजले जाते. पलीकडच्या गल्लीत त्याने अजून विचारलेले नाही.